तेजस्विनीच्या फोटोतला कोसा

“फोटो जवळून काढ नाहीतर दुरून काढ, कापडाच्या बाबतीत मले फसवू शकत नाही कोणी. धागा दाखव, विणकराचं नाव सांगतो.”

आंधळगावच्या बाबूलाल विणकरानं हे आधी घरात सांगितलं, मग चहाच्या टपरीवर, मग भंडाऱ्याच्या यष्टीत कंडक्टरले. कंडक्टरनं विचारलं नव्हतं.

त्याची पोरगी तेजस्विनी मोबाइलले बारकं भिंग लावून घरातल्या वस्तूंचे फोटो काढे. लसणाचं साल, कंगव्याचा दात, बाबाच्या चपलेचा अंगठा. फोटो पाहून वस्तू ओळखा, असं तिचं प्रदर्शन भंडाऱ्याच्या एका हॉलात लागलं होतं. पुढं नागपूरले जाऊन फोटोग्राफी शिकायची होती तिले. बाबूलाल म्हणे, चपलेचा फोटो काढाले कोणी शिकते काय. शेवटी पैज लागली. ती दाखवन तो फोटो बाबानं ओळखला तं पोरीनं गुमान घरच्या मागावर विणाले बसायचं. चुकला तं नागपूर.

साक्षीले त्यानं शेजारचा विणकर तुलाराम नेला, अन् भंडाऱ्याचा कापडवाला केवळराम शेठ बोलावला.

तेजस्विनीनं तिघांना एका मोठ्या फोटोसमोर उभं केलं. पिवळसर धागे, आडवेतिडवे, एकमेकांत घुसलेले. खाली नाव, कागदानं झाकलेलं.

बाबूलालनं हात मागं बांधून पाहिलं अन् कोसा रेशीम हाय म्हणून सांगितलं. मग जवळ गेला, अन् विणणारा दारू पेलेला होता म्हणून सांगितलं. मग वळला.

“तुलाराम, तुह्या साळ्याच्या लग्नात तू विणलेला कापडाचा ठान ना हा?”

तुलारामचं तोंड उतरलं. “चुकलो भाऊ. हळदीच्या दिवशी जरा जास्त झाली होती.”

केवळराम शेठले मात्र तो कोसा लय आवडला. असा खडबडीत माल आजकाल मोठ्या शहरात हातोहात जाते म्हणे. अशीच साडी पाहिजे, आधी नमुन्याचा तुकडा आणून द्या. बाबूलालची छाती फुगली. त्यानं सोताच कागद उचलला.

वाळल्या दोडक्याची जाळी. आमची न्हाणी.

त्यानं कागद परत खाली सोडला.

“बाबा, रोज त्याच्यानंच पाठ घासता तुमी,” तेजस्विनी हळूच म्हणाली.

“जाय नागपूरले. पण शेठसमोर बोलू नको.”

तुलाराम घरी येईपर्यंत यष्टीत माफी मागत होता. बाबूलालनं ती दिलीही.

आता तसं विणायचं कसं? तुलाराम म्हणे, बिना पेल्याचं मले जमत नाही. मग बाबूलालनं न्हाणीतली जाळी काढून मागासमोर टांगली अन् सोताच बसला. जन्मभर सरळ विणलेला हात वाकडा चालेना. शिव्या देत देत कसाबसा तुकडा झाला.

शेवंताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तुकडा धुतला अन् वाळाले न्हाणीत जाळीच्या रिकाम्या खुंटीवर टाकला.

सकाळी तेजस्विनी बॅग घेऊन दारात उभी. तिले नागपूरच्या गाडीत बसवायचं अन् जाताजाता शेठले नमुना द्यायचा, असं ठरलं होतं. बाबूलाल घाईत आंघोळीले बसला. डोळ्यांत साबण होती. त्यानं खुंटीवर हात घातला अन् पाठ घासली.

नमुना मधातून फाटला.