सरगूरच्या खिडकीशी तीन दिवस

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जी काखेत मारता आणि जिच्या चिमट्यात कागद अडकवता, तसली मी एक जुनी फळी आहे. माझा रंग तपकिरी, चिमटा लोखंडी. एक कोपरा पाण्याने फुगला आहे. म्हैसूरला सरस्वतीपुरममधल्या एका वह्यांच्या दुकानातून गुंडेरावांनी मला मुलीच्या दहावीसाठी घेतले. मुलगी मधुमिता. तिची परीक्षा संपली आणि मी गुंडेरावांच्या हाती गेले, ती कायमचीच.

गुंडेराव एका कारखान्याच्या कचेरीत आवक-जावक टपाल पाहत. कोणता कागद कोणाच्या मेजावर किती दिवस झोपतो, हे त्यांना पाठ होते. चाळिशी उलटल्यावर ते संध्याकाळी संगणकाच्या वर्गाला जाऊ लागले. कॉलेजची मुले त्यांना अंकल म्हणत आणि माउस धरायला शिकवत. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि ते सल्लागार झाले. लहान दुकाने, कारखाने, दवाखाने यांचा कारभार समजून घ्यायचा आणि मगच त्याला संगणक जोडून द्यायचा, हे त्यांचे काम.

त्यांची एक रीत होती. नव्या ठिकाणी ते आधी तीन दिवस नुसते बसत. मांडीवर मी, माझ्यावर कोरा कागद. कोण कोणाला काय विचारतो, चिठ्ठी कुठून कुठे जाते, त्याचे बाण काढत. लष्कर मोहल्ल्यात लोखंडी कपाटांचा एक कारखाना होता. तिथे गिऱ्हाइकांच्या मागण्या हरवत. मालकाला वाटत होते, मोठा संगणक हवा. तिसऱ्या दिवशी गुंडेरावांचा बाण एका कारागिराच्या शर्टाच्या खिशात जाऊन थांबला. चिठ्ठ्या तिथे होत्या, घामाने विरलेल्या. त्यांनी आधी चिठ्ठ्या अडकवायला भिंतीला एक खिळा ठोकायला लावला. संगणक दोन महिन्यांनी आला.

त्या खिळ्याची गोष्ट ते पाहुण्यांना इतक्यांदा सांगत, की मधुमिता आतून म्हणे, "अप्पा, आता खिळा ठोकून झाला असेल तर जेवायला या."

मधुमिता संगणकाचेच शिकली आणि वडिलांबरोबर काम करू लागली. तिचे पहिले काम जंगलाकाठच्या सरगूर गावातल्या एका धर्मादाय दवाखान्याचे होते. तिथे खिडकीशी सीतालक्ष्मी नावाच्या बाई बसत. सव्वीस वर्षे त्या रुग्णांची नावे लिहून क्रमांकाच्या चिठ्ठ्या देत होत्या. काही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात त्या तांबड्या पेन्सिलीने खूण करत. गुंडेरावांनी ती खूणही माझ्यावरच्या कागदावर काढून घेतली.

"मधू, ही खूण कशाची, स्वल्प, जरा विचारून येतो."

"अप्पा, त्यांची सवय असेल. नाव, गाव, वेळ, क्रमांक, एवढं पुरे. सगळ्यांच्या सवयी यंत्रात घालत बसलो तर वर्ष जाईल की."

गुंडेरावांनी मुलीकडे पाहिले. मुलीचे पहिले काम, तिचा उत्साह. "सरी, तसंच करू," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका दिवसात उठले. त्यांच्या मांडीवरून उचलली जाताना मला चुकल्यासारखे वाटले, पण फळीला कोण विचारतो?

महिनाभरात यंत्र बसले. जो आधी येईल त्याचा क्रमांक आधी. दवाखान्याचे व्यवस्थापक अरुण खूश झाले. आता खिडकीची गरज नाही, असे म्हणून त्यांनी सीतालक्ष्मींना महिनाअखेरीस घरी बसायला सांगितले. पण पहिल्याच सोमवारी अरुण यांचा फोन आला. जंगलाच्या कडेच्या वस्त्यांतली सात माणसे तपासणी होऊन ओसरीवर बसून होती. त्यांची शेवटची बस साडेतीनलाच गेली होती. त्यांत एक म्हातारी होती, मांडीवर तापलेला नातू घेऊन.

दुसऱ्या दिवशी बापलेक सरगूरला गेले. मीही पिशवीत होते. अरुण रागातच होते. हे कोणी केले, असे त्यांनी विचारले.

"चूक माझी," गुंडेराव म्हणाले. "तीन दिवस बसायचं सोडून मी एका दिवसात उठलो."

मधुमिताने मला पिशवीतून काढले आणि ती खिडकीशी गेली. सीतालक्ष्मी आपली शाल आणि पाण्याची बाटली आवरत होत्या. ती खूण कशाची, असे मधुमिताने विचारले.

"तुझ्या पेटीला विचार की, बाई," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून जरा सरकून बसल्या. "लांबच्या बसची माणसं ती. त्यांना आधी आत सोडते. तुझ्या यंत्राला घरी जायचं नसतं, म्हणून त्याला कळलं नाही."

मधुमिता स्टूल ओढून बसली. तो दिवस, दुसरा दिवस आणि तिसराही. माझ्यावर चौदा कागद भरले. कोणती बस पावसाळ्यात अर्ध्या वाटेतून परत फिरते, बाजाराच्या दिवशी कोणती उशिरा निघते, सगळे सीतालक्ष्मींनी सांगितले. यंत्रात परतीच्या बसचा एक रकाना वाढला.

मग अरुण म्हणाले, आता तर यंत्राला सगळेच कळते, बाईंचे काय काम?

"बस बदलली की यंत्राला कोण सांगणार?" मधुमिता म्हणाली. "खिडकी राहू द्या. आणि सर, चूक अप्पांची नव्हती. त्यांनी विचारू का म्हटलं होतं. मी नको म्हटलं."

खिडकी राहिली. सीतालक्ष्मी गुंडेरावांना आदराने म्हणाल्या, "रायरे, मुलगी उशिरा बसली, पण नीट बसली." परतीच्या बसमध्ये गुंडेरावांनी मुलीला खिडकीची जागा दिली आणि मला स्वतःच्या मांडीवर घेतले. त्यांचा अंगठा माझ्या चिमट्यावरून कितीतरी वेळ फिरत होता.

पुढे मधुमिताने त्यांना टॅबलेट घेऊन दिला. मी कपाटावर गेले. धूळ बसली, चिमटा गंजला. मला वाईट वाटले, पण तक्रार नव्हती. मग गेल्या माघात त्यांनी मला अचानक खाली काढले. हात थरथरत होता, टॅबलेटच्या काचेवर बोट ठरत नव्हते. एका वसतिगृहाच्या कामाचे बाण त्यांनी माझ्यावर काढायला घेतले. दोन दिवस ते तिथे जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना जाता आले नाही. त्यानंतरही कधी नाही.

तो कागद अजून माझ्यावर आहे. त्यातला एक बाण स्वयंपाकघरापाशी निघतो आणि कुठेच पोचत नाही. मधुमिताने तो पुष्कळ वेळा उलटसुलट पाहिला. बाजूला कन्नडमध्ये एक अक्षर आहे, ते तिला लागत नाही. एकदा तर ती सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून "अप्पा, हे काय," एवढे म्हणाली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा चिमटा खोबरेल तेलाने पुसला आणि मला घेऊन त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगेन, कारण मी जुनी आहे. पण माझ्यासारख्या फळ्या बाजारात पुष्कळ मिळतील. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेले एखादे माणूस असेल. ते काहीतरी करत असेल आणि तुम्हाला ते उगाच वाटत असेल. त्याच्याशेजारी जाऊन बसा. का करता, असे विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठू नका. ते माणूस समोर आहे तोवरच हे जमते.