चेलोवाल्या काकांचा भाता

रेकॉर्डिंग स्टुडिओत माझं काम एकच, आवाज बंद करणं. टेकच्या आधी एसी बंद, पंखा बंद, चहाच्या खोलीतला फ्रिजसुद्धा बंद. एकदा तो परत लावायला विसरलो. दूधही नासलं आणि मालकाचं डोकंही. तेव्हापासून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतो. किल्लीशिवाय घरी कसा जाणार?

तर त्या दिवशी चौघं आली. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एका वयस्कर काकांचा माणसाएवढा चेलो. पहिल्या व्हायोलिनवर काकांचीच लेक. बारा वर्षं एकत्र वाजवून आत्ता कुठं पहिला अल्बम.

पहिला टेक संपला, तसा काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "काका, वाजलं झकास. पण सुरुवातीला तुमचा श्वास येतोय. लोहाराचा भाताच जणू!"

सगळे हसले. काकाही हसले, पण कान लाल झाले.

पुढच्या टेकला त्यांनी तोंड गच्च मिटलं. झालं! चौघं चार वाटांना. परत केलं, परत तेच. सहा टेक पाण्यात. काकांनी गज खाली ठेवला.

"वय झालं माझं. दुसरा कुणी बघा. माझ्यापायी अल्बम अडवू नका."

"बाबा, काहीतरीच काय!" लेक म्हणाली. पण घोडं कुठं पेंड खातंय, ते तिलाही कळेना.

मला राहवेना. दारातूनच म्हणालो, "ताई, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या वेळी काकांनी श्वास घेतला, नि तुम्ही सगळे एकदम निघालात. आता ते श्वास कोंडतात, नि तुम्ही एकमेकांची तोंडं बघता."

लेकीनं व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. मग म्हणाली, "खरंय की. सुरू करायची खूण म्हणून मान मी हलवते, पण निघते बाबांच्या श्वासावर. लहानपणापासून."

"मीही," व्हायोलावाला म्हणाला. "मला वाटायचं, मी एकटाच कॉपी करतो!"

काकांनी काचेकडे पाहिलं. "मग भात्याचं काय?"

"माइक वीतभर मागं घेतो. भाता राहू दे."

"आणि नंतर पुसायचाही नाही," लेकीनं दम भरला.

काकांनी गज उचलला. पोतं उचलणाऱ्या हमालासारखा छातीभर श्वास घेतला, आणि चौघं अशी एकदम निघाली की माझ्या अंगावर काटा आला.

अल्बम आला तेव्हा घरी लावला. बायको म्हणाली, "अगोबाई, कुणाला धाप लागलीय?"

"गप गं. आता सुरू होतंय बघ."