राजाच्या पायातली मोजडी

किहीमच्या अलीमियाँच्या घराने आजवर खजुराची पोती पाहिली होती, गलबतांचे दोर पाहिले होते, पण राजा काही पाहिला नव्हता. तो छप्पन्न साली आला, मुंबईच्या सिनेमा कंपनीबरोबर, ट्रकमधून. कंपनीला एका जुन्या राजाचं चरित्र पडद्यावर आणायचं होतं आणि सागवानी खांबांचं हे दीडशे वर्षांचं घर दिग्दर्शकाला राजवाडा म्हणून पसंत पडलं. चार दिवस अंगणात तारा, दिवे आणि चंदेरी कागद डकवलेल्या फळ्या पडल्या होत्या. सगळं गाव कामधाम सोडून कुंपणाशी उभं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी घोळ झाला. राजा शेवटच्या लढाईला निघतो आणि राणी त्याला निरोप देते, असा प्रसंग होता, आणि राजाची मोजडीच मुंबईला राहिली होती. कपडेपट सांभाळणाऱ्या काळूरामने घरभर नजर फिरवली. उंबऱ्याच्या आत एक जरीची मोजडी होती. टाचा दाराकडे, टोकं घराकडे.

"चाचा, ही घेऊ का तासाभरासाठी?"

मोजडी अलीमियाँच्या मुलाची, हमीदची. त्या घरची एक रीत होती. गलबतावर जाणाऱ्याने आपले चांगले जोडे उंबऱ्याशी सोडून अनवाणी निघायचं, आणि बायकांनी त्यांची टोकं घराकडे वळवून ठेवायची. माणूस परत येईपर्यंत कुणी ते हलवायचे नाहीत. तो येणारच नाही असं कळलं, तर एखाद्या वाटसरूला देऊन टाकायचे. हमीद बसऱ्याला गेला त्याला अडीच वर्षं झाली होती. त्याची बायको अतिया दर शुक्रवारी ती मोजडी पुसून ठेवी.

अलीमियाँना मात्र खरं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका नाखव्याने त्यांना मुंबई बंदरात गाठून सांगितलं होतं, हमीदचं गलबत बुडालं, कुणी वाचलं नाही. म्हाताऱ्याने ते पोटात ठेवलं. सुनेला सांगायचं म्हणजे मोजडी उचलायची, आणि ते त्यांच्याने होईना.

काळूरामने विचारलं तेव्हा त्यांना वाटलं, परक्याच्या हाताने हलतेय तर हलू दे, आपल्याला तोंड उघडायला नको. "घ्या," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

राजा झालेला नट मोजडी घालून पायऱ्या उतरला. राणी पहिल्याच खेपेला रडली, त्यामुळे दिग्दर्शक खूश झाला. अलीमियाँ खांबाआड उभे होते. स्वयंपाकघराच्या पडद्याआड अतिया होती; तिकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

नट मोजडी हातात घेऊन परत आला, तेव्हा अतिया डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती.

"हातात नको," ती म्हणाली. "पायात घालून आत या."

"अहो, राजा परत येत नाही," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला. "तो लढाईत पडतो."

"माला ठाऊक हाय."

नट उतारवयाचा होता, समजदार होता. त्याने मोजडी पुन्हा घातली, फेटा सारखा केला आणि गेला होता त्याच डौलात पायऱ्या चढून आला. कॅमेरा बंद होता. उंबरा ओलांडून त्याने मोजडी काढली. दर्यावरून आलेल्या माणसाच्या पायांवर घालतात तसं अतियाने त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं. मग मोजडी उचलून पदराने पुसली आणि त्याच्याच हातात दिली.

"ही आता तुमीच न्या. तुमी वाटसरू."

अलीमियाँ खांबाआडून पुढे आले. "अतिया, तुला..."

"गेल्या ईदला उरणच्या एका खलाशाच्या बायकोनं माला सांगितलं, बावा."

"मग इतके दिवस ही ठेवलीस कशाला?"

"तुमी रोज दुपारी हिच्याकडं बघता, मंग घास घेता. मी कशी उचलू?"

 दोन वर्षं आपण हिला सांभाळतोय, असंच अलीमियाँ समजत होते.

कंपनीची माणसं सामान भरत होती. दुपारी जेवायला बसताना अलीमियाँनी सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे फक्त ओली पावलं होती, अजून वाळली नव्हती. सुनेने सासऱ्यासमोर जेवायला बसायची त्या घरात रीत नव्हती.

"बस," ते म्हणाले. "माझ्यासंगत जेव."

अतिया बसली. दोघं रडत रडत जेवली.