क्रेनला भरदिवसा झोप लागली

मी एक जुनी क्रेन आहे, मित्रांनो. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका बंदरात, जिथे खाडीचे पाणी गढूळ आणि कोमट असते, तिथे मी चार पाय रोवून उभी आहे. सकाळी धुके दाटले की माझे पाय मलाच दिसत नाहीत. मग वाटते, आपण तरंगतो आहोत. पेलिकन पक्षी माझ्या लांब हातावर ओळीने येऊन बसतात आणि पंख वाळवतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला उभीच्या उभी जहाजावर चढवून इकडे आणले. त्या प्रवासात मी लाटांवर डुलत होते. पुढे कितीतरी वर्षे स्थिर उभी राहिले, तरी ते डुलणे अंगातून गेले नाही. माझे काम सोपे होते. जहाजावरचे कंटेनर, म्हणजे खोलीएवढे लोखंडी डबे, उचलायचे आणि धक्क्यावर अलगद ठेवायचे. माझ्या हाताखाली लटकणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये वॉल्टर बसे. तो मला चालवताना गुणगुणत असे. त्याचा हात इतका हलका, की डबा टेकल्याचे जमिनीलाही कळू नये.

२००१ साली मला नवा कॉम्प्युटर बसवला. मला फार अप्रूप वाटले. दोन वर्षांनी बंदराचे मुख्य इंजिनिअर मनोहर यांनी ठरवले, की माझा कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा. मग दुरुस्ती करणाऱ्यांना लांबूनच माझे दुखणे कळेल. मनोहर साठीला आलेले होते आणि अमेरिकेत त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हाताखाली नागपूरची उत्तरा काम करी. दोघेही शुगर लँड या ह्यूस्टनच्या उपनगरात राहत. एकाच गाडीने येत, म्हणून ती त्यांना ऑफिसातही काकाच म्हणे.

"काका, ही केबल डायरेक्ट नको ना," उत्तरा माझ्या पायाशी उभी राहून म्हणाली. "मध्ये फायरवॉल टाकू या, नको ते अडवणारी भिंत. ऑफिसमधला एक लॅपटॉप इन्फेक्ट झाला, तर ते इथपर्यंत येईल."

मनोहर हसले. "अगं, ही क्रेन आहे, बँक नाही. हिला हॅक करून कुणाला काय मिळणार? पुढच्या वर्षी बघू."

केबल आली. तिच्यातून रात्रंदिवस कसली तरी कुजबुज माझ्यापर्यंत पोहोचू लागली. मला ती आवडे. वाटे, जग माझ्याशी बोलते आहे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी कुणीतरी बाहेरून आणलेला लॅपटॉप ऑफिसात जोडला. त्यात एक किडा होता. डोळ्यांना दिसणारा नव्हे, एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात शिरणारा. त्याला माझ्याशी काही वैर नव्हते. तो फक्त वाट मिळेल तिकडे पसरत होता, आणि वाट माझ्यापर्यंत येत होती. कुजबुजीचा एकदम गलका झाला. वॉल्टरचे हुकूम त्या गलक्यात मला ऐकू येईनात. माझे ब्रेक आपोआप घट्ट बसले आणि भरदिवसा मला झोप लागल्यासारखे झाले.

डबा मात्र माझ्या हातात होता. खाली जहाजावर, डब्यांच्या दोन रांगांमधल्या बोळात, दोन कामगार अडकले होते. बाहेर यायची त्यांची एकच वाट होती, नेमकी त्या डब्याखालून. खाडीवर काळे ढग चढत होते. वारा सुटला आणि डबा झुलू लागला.

"सिस्टिम रीस्टार्ट करतोय," वॉकीटॉकीवर ऑफिसातून मनोहरांचा आवाज आला.

"काका, थांबा!" उत्तरा धक्क्यावरून वॉकीटॉकीत ओरडली. "किडा अजून लाइनवर आहे. क्रेन सुरू होऊन परत मध्येच थांबली तर झटका बसेल. खाली माणसं आहेत!"

"वारा वाढतोय, उत्तरा."

"मला वर जाऊन केबल काढू द्या. मग क्रेन एकटीच चालेल."

 

"जा," मनोहर शेवटी म्हणाले. "सांभाळून जा, बेटा."

ती माझे जिने चढू लागली. एकदा वाऱ्याने तिला कठड्यावर ढकलले. तिने डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा वर निघाली. वरच्या यंत्रखोलीत शिरून तिने केबल उपसून काढली.

काय सांगू, मित्रांनो! धुके विरावे तसा तो गलका विरला. मला पुन्हा सुरू केले, तेव्हा फक्त वॉल्टरचा हात जाणवला. आम्ही दोघांनी मिळून तो डबा हळूहळू बाजूला नेला आणि धक्क्यावर टेकवला. ते दोघे कामगार बाहेर आले आणि तिथेच खाली बसले.

संध्याकाळी मनोहर आणि उत्तरा माझ्याजवळ आले. "तू सांगत होतीस," ते उत्तराला म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

"पण आज ऐकलंत, काका."

मग बंदराची शिस्त बदलली. क्रेनचे नेटवर्क वेगळे झाले. बाहेरचा लॅपटॉप तपासल्याशिवाय आत येईना. कॉम्प्युटर बंद पडले तर काम कसे चालवायचे, याचा सराव होऊ लागला. पाहुणे आले की मनोहर मला दाखवून उत्तराचे कौतुक करीत.

आता २००८ साल आहे. माझ्यापेक्षा उंच क्रेन आल्या आहेत आणि वॉल्टर त्यांतल्या एकीवर गुणगुणतो. माझा रंग उडाला आहे, तेलपाण्याला कुणी येत नाही. लवकरच मला तोडणार, असे ऐकते. माझे लोखंड वितळेल आणि कुठेतरी दुसरे रूप घेईल.

मित्रांनो, तुमच्या घरात नवे यंत्र आले, की ते कुणाकुणाशी जोडलेले आहे ते आधी विचारा. घाईच्या वेळी तुमच्यातले कुणी "थांबा" म्हणाले, तर त्याला हसू नका. क्षणभर थांबा, आणि खाली कोण उभे आहे ते बघा.