एका गोष्टीला एकच थाप

डोळे मिटा पाहू. अर्धवट नको, चांगले घट्ट. आता शनीभोवती फिरणारा एक चंद्र डोळ्यांसमोर आणा. सगळाच्या सगळा बर्फाचा. सूर्य तिथून एखाद्या झगझगीत ठिपक्याएवढा दिसतो. उजेड थोडा देतो, ऊब म्हणाल तर नावालाच. त्या बर्फावर एक यंत्र उभं आहे. तुमच्या दप्तराएवढं, वर गोल, खाली निमुळतं, पायाशी तीन चाकं. त्याचं नाव लाट्टू. बंगालीत भोवऱ्याला लाट्टू म्हणतात. ज्या यानातून तो आला, ते यान त्याला तिथेच ठेवून निघून गेलं आहे.

दिसला? मग आता डोळे उघडा. कारण लाट्टूला तिथे ठेवणारी माणसं शनीच्या आसपासही नव्हती. ती बंगालमधल्या चंदननगरच्या एका गल्लीत, क्लबाच्या खोलीत, कॅरमबोर्डावर वर्तमानपत्र पसरून मुरी, म्हणजे चुरमुरे, आणि गरम वांग्याची भजी खात बसली होती.

दर रविवारी सकाळी तिथे विज्ञानकथावेड्यांचा अड्डा भरायचा. बारा वाजता कॅरम खेळणारी पोरं येऊन हाकलेपर्यंत चालायचा. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट रचायची, ती महिनोन् महिने चालायची. ज्याची पाळी, त्याने आपल्या मातीच्या पेल्यातला चहा संपेपर्यंत गोष्ट पुढे न्यायची. नियम दोनच होते आणि दोन्ही अनादीदादूंचे. दादू जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. पहिला नियम असा, की एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही. दुसरा असा, की एका गोष्टीला एकच थाप. म्हणजे अशक्य अशी एकच बाब खपवून न्यायची परवानगी. बाकी सगळं विज्ञानाला धरून.

या गोष्टीतली थाप पहिल्याच रविवारी पोल्टूदाने खर्च करून टाकली होती. पोल्टूदा कॉलेजात शिकायचा आणि कायम भुकेला असायचा. तो म्हणाला, या यानातलं इलिश माशाचं कालवण कधीच संपत नाही. सगळे पोट धरधरून हसले. हरकत कुणीच घेतली नाही.

लाट्टू मात्र झिमलीचा होता. झिमली दहा वर्षांची, अड्ड्यातली सगळ्यांत लहान सभासद. तिची आत्या, बुलापिशी, तिला सोबत घेऊन यायची. सुरुवातीला झिमली नुसती भजी खायला यायची. पण एकदा पोल्टूदाच्या अंतराळवीराने शनीजवळून घरी फोन लावला आणि त्याच्या आईने लगेच "जेवलास का?" म्हणून विचारलं. तेव्हा झिमली ताडकन म्हणाली, "लगेच कसं ऐकू येईल? प्रकाशालाच इथवर यायला तासाहून जास्त लागतो!" दादूंनी तिला त्याच दिवशी सभासद करून टाकलं. आणि पुढच्या पाळीला तिने लाट्टूला यानात आणलं. लाट्टू कशालाही घाबरायचा नाही आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचा.

मागच्या रविवारी झिमली तापाने घरी होती. आज आली, तर कुणी तिच्याकडे नीट बघेचना. पिशीने तर वाटेतही काही सांगितलं नव्हतं.

"गोष्ट कुठवर आली?" झिमलीने विचारलं.

पोल्टूदाने तोंडात भजी कोंबली. शेवटी दादूंनीच सांगितलं. बर्फाला तडे गेले, यान घाईघाईने उडालं आणि लाट्टू खाली राहिला.

"राहिला म्हणजे? छत्री राहते तसा?"

"मी फक्त बर्फाला तडा पाडला हं," पोल्टूदा म्हणाला. "जरा थरार नको का? यान दादूंनी उडवलं."

"आत चार माणसं होती," दादू म्हणाले. "उडवू नको तर काय करू?"

"मग परत फिरवा की."

आता सगळे पिशीकडे बघायला लागले.

"अगं, माझा चहा संपत आला होता," पिशी रडवेली होऊन म्हणाली. "घाईत बोलून गेले, की इंधन आता फक्त घरी जाण्यापुरतं उरलंय. यांनी लाट्टूला आत घेतलंच नाही हे माझ्या ध्यानात कुठे होतं!"

मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. प्रत्येकाने आपापला एक तुकडा जोडला होता, इतकंच. पण बोललेलं मागे घेता येत नव्हतं. आणि उद्यापासून ही खोली दुर्गापूजेच्या मंडळाला जायची होती, म्हणून गोष्ट आजच संपवायची होती. गोष्ट संपवायचा मान अड्ड्यात सगळ्यांत लहानाचा.

"म्हणजे मी सांगायचं? लाट्टू कसा बंद पडला ते?" झिमलीचा आवाज एवढासा झाला.

"छे छे, थांब. तोडगा काढू ना," पोल्टूदा सरसावून बसला. "कालवण कधी संपत नाही. त्यात तेल असतं. ते तेल जाळायचं आणि यान मागे फिरवायचं!"

झिमलीने मोठ्या आशेने दादूंकडे पाहिलं. दादू बराच वेळ मुरी निवडत राहिले.

"जाळायला प्राणवायू लागतो, पोल्टू. तो संपतो. कालवण संपत नाही असं तू म्हणालास, हवा संपत नाही असं नाही म्हणालास."

"दुसरं यान पाठवू," पिशी म्हणाली.

"पृथ्वीवरून निघालं तर पोचायला वर्षं लागतील. लाट्टूची बॅटरी आज संध्याकाळपर्यंत पुरेल न पुरेल."

"मग उन्हावर चालवा!"

"तिथलं ऊन इथल्या शंभराव्या हिश्श्याएवढं, बुला. आणि हे मीच मुलांना शिकवत आलोय." दादूंना स्वतःचाच राग आला होता.

पिशी पोल्टूदावर उखडली. "सगळं ब्रह्मांड मोकळं पडलं होतं, एक थाप मारायची मुभा होती. ती तू माशावर घालवलीस! तुझं पोट म्हणजे ना!"

"तेव्हा सगळ्यांत जास्त तूच हसलीस, पिशी."

"हसले. आता बोलू नकोस."

भजी गार झाली. तीन मोठी माणसं, तिघांचीही पुस्तकांनी कपाटं भरलेली, आणि एका दप्तराएवढ्या यंत्राला घरी आणणं कुणाला जमत नव्हतं.

दादूंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत न घालता हातातच धरला. "झिमली," ते हळूच म्हणाले, "आण त्याला परत. मार एक थाप. मी ऐकलंच नाही असं समजेन."

पिशीने डोळे विस्फारले. दादूंच्या तोंडून असं काही आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

झिमलीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. कुठूनसं एक अनोळखी यान येतं आणि लाट्टूला उचलून घेतं. एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग पोल्टूदाचा फोन का नाही चालला?"

"अगं चालू दे ना," पोल्टूदा काकुळतीला आला. "मी कुठे तक्रार करतोय?"

"पण मी केली होती." झिमलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण थाप मारून आणला, तर तो दुसराच कुणीतरी येईल. आपला लाट्टू तिथेच असेल. आणि मग आपण त्याची आठवणसुद्धा काढणार नाही."

दादूंना इतकी वर्षं शिकवून जे मुलांच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते एका मुलीच्या गळी पुरतं उतरलं होतं, आणि आज ते उतरलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

खिडकीत कॅरमवाल्या पोरांची डोकी दिसायला लागली. "अजून किती वेळ, दादू?"

"थांबा रे जरा," पिशी खेकसली. "इथे एकजण जायला टेकलाय."

"कोण?" पोरं घाबरून आत बघायला लागली. मग ती तिथेच थांबून राहिली.

झिमलीने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. "दादू, बॅटरी संपत येते तेव्हा आधी काय बंद पडतं?"

दादूंनी घसा साफ केला. "आपण ठरवू ते. चाकांना फार वीज लागते. ती आधी बंद करायची. मग दिवे."

"मग?"

"मग डोळा. म्हणजे कॅमेरा. मग बोलणं. इतक्या दूर आवाज पाठवायला फार ताकद लागते, झिमली."

"आणि ऐकायला?"

"ऐकायला अगदी थोडी. ते सगळ्यांत शेवटपर्यंत चालू ठेवता येतं."

झिमलीने चहाचा पेला उचलला. तो रिकामा होईपर्यंत आता पाळी तिची. ती म्हणाली, लाट्टूने चाकं बंद केली. दिवे विझवले. डोळा मिटला. मग एकदा "का?" असं विचारलं आणि बोलणंही बंद केलं. आता तो फक्त ऐकतोय.

एवढं बोलून तिने सगळ्यांकडे पाहिलं. "आपण यानात आहोत. आपलं बोलणं त्याला उशिरा पोचेल, पण पोचेल. बोला ना."

दर रविवारी एकमेकांना बोलू न देणारी ही माणसं. पोल्टूदाने "लाट्टू, अरे..." म्हटलं आणि तो पुढे अडला. पिशीने पदर तोंडाशी धरला. दादू चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिले.

तेव्हा झिमलीने पेला तोंडाजवळ धरला आणि ती लाट्टूशी बोलायला लागली. आज रविवार आहे, म्हणाली. माझा ताप उतरलाय. भजी वांग्याची होती, गार झाली. खिडकीत पोरं उभी आहेत, त्यांना खेळायचंय, पण ती थांबलीत. बाहेर पूजेचा मांडव बांधताहेत, बांबू ठोकल्याचा आवाज येतोय, तुला येतोय का? चहा निवत गेला, बारा वाजून गेले, तरी तिने पेल्याला ओठ लावले नाहीत. ती त्याला सांगतच राहिली.