नाकाचं गुप्त मतदान

साबणाच्या त्या कारखान्यात मामांच्या नाकाची ख्याती अशी की, फाटकातून आत येणारा माणूस सकाळी घरी भांडून आलाय की नाही, हेही ते म्हणे वासावरून सांगत. खोटं वाटत असेल त्याने खुशाल नाक मुरडावं.

पण गेल्या हिवाळ्यात मामांना पडसं झालं. पडसं गेलं ते गेलंच, जाताना सगळे वासही गाठोड्यात बांधून घेऊन गेलं.

नव्या वासाची वडी आली की पारखायच्या खोलीत मामा धरून पाच जण ती हुंगत आणि ज्याला पसंत असेल तो हात वर करी. मामा वडी नाकाशी धरून डोळे मिटत, पण एक डोळा किलकिला ठेवत. जास्त हात वर दिसले की आपलाही वर. त्या डोळ्याला पुढे अशी सवय जडली की झोपेतही तो अर्धा उघडा राही.

"अहो, तुमचा एक डोळा रात्रभर माझ्यावर पहारा देतो," मामी कुरकुरायच्या.

अशात मामांची सख्खी भाची तिथे मॅनेजर होऊन आली.

"हात वर करणं आजपासून बंद," ती म्हणाली. "मत मोबाइलवर. दोन ॲप आणलीत. एकात कोणी काय मत दिलं ते लगेच पडद्यावर दिसतं. दुसऱ्यात सगळ्यांची मतं पडेपर्यंत काही दिसत नाही, आणि नावं तर कधीच नाहीत. दोन्ही वापरून बघू, मग एक ठेवू."

मामा घाईघाईने पुढे सरसावले. "पहिलंच घे गं. आपल्यात लपवाछपवी कशाला? मी घरी कपाटालासुद्धा कुलूप लावत नाही."

"मामा, तू ते ॲप अजून हातात तरी घेतलंस का?"

निळी वडी सगळ्यांच्या नाकाखालून फिरली. पाचही जण मोबाइल धरून पडद्याकडे बघत बसले. मामा इतरांच्या मताची वाट बघत होते. बाकीचे चौघे कशाची बघत होते, देव जाणे. चहा आला, त्यावर साय धरली, कोळ्याने कोपऱ्यात जाळं विणून पुरं केलं, तरी पडदा कोरा तो कोराच.

"हे बाद," भाची म्हणाली. "आता दुसरं."

मामांना दरदरून घाम फुटला. पडद्यावर तीन चौकटी: 'चालेल', 'चालणार नाही' आणि 'सांगता येत नाही'. 'चालेल' दाबावं आणि वडीला पायमोज्यांचा वास असला तर? कुणीतरी तान्ह्या लेकराला तिनेच न्हाऊ घालणार. 'चालणार नाही' दाबावं, तर चांगल्या वडीचा उगाच बळी. आणि खरं दाबावं, तर ते एकटं पडलेलं मत कुणाचं, हे मामांचा घामेजला चेहरा बघून शेंबडं पोरही ओळखेल.

शेवटी तान्हं लेकरू जिंकलं. मामांनी 'सांगता येत नाही' दाबलं आणि दोन्ही डोळे गच्च मिटले.

"हे काय?" भाचीचा आवाज आला. "पाचही जणांना सांगता येत नाही?"

मामांनी डोळे उघडले. पाचांतल्या पॅकिंगवाल्या बाईंनी पदराने तोंड पुसलं. "आता लपवून काय करू? या वासात राहून माझं नाक कधीच बधिर झालंय. मी मामांच्या भुवया बघायचे. चढल्या की नापास, उतरल्या की पास."

"तुम्ही भुवया बघायच्या?" रंग मिसळणारा ओरडला. "आणि मी तुमच्या भरवशावर!"

"अरे, आणि मी तुम्हा सगळ्यांच्या!" मामांच्या तोंडून निसटलं. "मला तर आता रॉकेलसुद्धा पाण्यासारखं!"

एकच हशा उसळला. मामांच्या छातीवरचा धोंडा गडगडत कुठच्या कुठे गेला.

भाचीने कपाळाला हात लावला. "मग इतके दिवस साबण पास कोणी केला?"

"मामांच्या काळजीने," पॅकिंगवाल्या बाई म्हणाल्या. "काळजी वाढली की भुवया वर."

दुसरं ॲप कायम झालं. भाचीने लगेच त्यावर प्रश्न टाकला: वासाला बाहेरची नाकं आणू, फेस आणि वडीचा मऊपणा मामाच्या हाताला अजून बरोबर कळतो, तर त्याने त्या कामावर राहावं का?

चार 'चालेल', एक 'सांगता येत नाही'.

"हे कोण रे शहाणं?"

"नावं दिसत नाहीत म्हणालीस ना?" मामा खाली बघत म्हणाले.

दुपारी पॅकिंगवाल्या बाई नव्या वड्या घेऊन आल्या, तर मामा खुर्चीत आडवे. तोंड उघडं, डोळे मात्र दोन्ही मिटलेले, आणि घोरणं असं की मांडणीवरच्या वड्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. बाईंनी पाऊल न वाजवता बाहेर जाऊन फोन लावला.

"मामी, आजपासून बिनघोर झोपा. पहारा उठला."