एका हातची तीनशे पत्रं

मोतीबाईंचं खरं नाव वेगळंच होतं. पण एकतीस वर्षं शाळेत शिकवून मोत्यासारख्या अक्षराचा त्यांनी जो दरारा बसवला, त्यात ते कधीच मागे पडलं. निवृत्तीनंतरही त्या किराणा सामानाची यादी वळणदार अक्षरात, खाली रेघ ओढून लिहायच्या. सून म्हणायची, "आई, दुकानदार साखर देणार आहे, मार्क नाही." बाई हसायच्या आणि पुढची यादीही तशीच लिहायच्या.

अशा बाईंच्या हाती त्यांच्याच गल्लीतल्या इस्त्रीवालीनं पत्रांचं पोतं सोपवलं, तिथंच घोळ झाला.

इस्त्रीवाली कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर उभी असायची. शेजारच्या टेबलावरचा माणूस तेवढेच शर्ट इस्त्री करून तिच्या दीडपट पगार घ्यायचा. समान कामाला समान पगार आणि बढतीत समान हक्क देणारं विधेयक विधिमंडळात आलंय, हे कळल्यावर तिनं कंबर कसली. एकदोन मतांवर सगळं अडलं होतं आणि त्या भागातल्या आमदारांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. मग सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरून तिनं बायकांकडून आमदारांना पत्रं लिहून घेतली. अट एकच, जे स्वतःवर गुदरलं तेवढंच लिहायचं. तीनशे पत्रं जमली. बाईंना फक्त त्यांचे गठ्ठे बांधायचे होते.

बाईंनी पोतं उघडलं आणि त्यांना घेरीच यायची बाकी राहिली. खाडाखोड, तेलाचे डाग, एक ओळ वर तर दुसरी खाली. असलं आमदारांपुढे न्यायचं? त्यांनी अकरा दिवस मान मोडून तीनशेच्या तीनशे पत्रं पांढऱ्याशुभ्र कागदावर उतरवली, शुद्धलेखन सुधारलं, सह्यांच्या जागी नावंसुद्धा सुबक लिहिली आणि मूळ कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले. इतकं सुंदर काम आपण जन्मात केलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

आमदारांच्या कचेरीत सेक्रेटरीनं वरची दहा पत्रं चाळली, मधली दहा चाळली आणि गठ्ठा परत सरकवला.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला, "पण सगळं एकाच हातचं. तुम्ही म्हणता तीनशे बायका, मला तर एकच दिसतेय. साहेबांना हे दाखवलं तर ते मलाच वेड्यात काढतील. मतदान पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी आहे. तोवर खरी पत्रं असली तर आणा."

बाहेर पडल्यावर इस्त्रीवाली जिन्यातच थांबली.

"बाई, आमची पत्रं कुठायत?"

"रद्दीत दिली." बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "अगं, किती गिचमिड होती ती..."

"गिचमिड होती, पण आमची होती! माझी आई दोन दुपारी बसली होती त्या चार ओळी लिहायला. तुम्हाला आमची लाज वाटली होय?"

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. लाजच वाटली होती, दुसरं काय! माफी मागायची वेळ आजवर कधी आली नव्हती.

"चुकलं माझं," शेवटी त्या म्हणाल्या. "आता दारोदार मी जाते. प्रत्येकीला मीच सांगते."

आणि गेल्या. कुठे चहा मिळाला, कुठे तोंडावर दार बंद झालं. लॉन्ड्रीतल्या एकीनं तर, "शाळेत माझी वही सगळ्या वर्गाला दाखवून हसला होतात," असं तीस वर्षांपूर्वीचं उकरून काढलं. बाईंनी तेही मुकाट ऐकून घेतलं. समोरची लिहायला बसली की बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. वेलांटी चुकली की जीव कासावीस व्हायचा, पण ओठ घट्ट मिटलेले.

शेवटी इस्त्रीवालीनं मोजदाद केली. "दोनशे एकाहत्तर. बाई, तुमचं कुठाय?"

आपलंही पत्र असू शकतं, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मतदानाआधीच्या शुक्रवारी मोतीबाई धरून एकसष्ट जणी कचेरीत आल्या, नोकरी करणाऱ्या रजा टाकून. त्यांची पत्रं गठ्ठ्यात वर ठेवली होती. आत इस्त्रीवाली आणि मोतीबाई, बाकीच्या बाहेर व्हरांड्यात. आमदारांनी स्वतः पहिलं पत्र उचललं, जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा पुसून पाहिला.

"काही केल्या लागत नाही हो हे अक्षर," ते म्हणाले. "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्हाला सवय असेल. तुम्हीच वाचून दाखवा बघू सगळी."

सवय? त्यांनी उभ्या आयुष्यात याहून वाईट अक्षरं एका नजरेत वाचली होती. हे पत्र तर बेकरीतल्या बाईनं त्यांच्यासमोर लिहिलं होतं, त्यांना ते तोंडपाठ होतं.

"मलाही नाही लागत," मोतीबाईंनी बेधडक सांगून टाकलं. "जिनं लिहिलंय ती बाहेर उभी आहे. तिला बोलवा."

बेकरीवाली आली. तिनं चार ओळी वाचल्या, मग कागद खाली केला आणि जे कागदावर मावलं नव्हतं तेही सांगितलं. "भट्टीचं काम मी ज्याला शिकवलं, तो आज माझा साहेब आहे," ती म्हणाली. मग दुसरी आली, मग तिसरी. सेक्रेटरीनं न सांगता खुर्ची आणून ठेवली, फोन वाजला तो आमदारांनी उचलला नाही. मोतीबाईंच्या मनात आलं, यांच्या तोंडचं आपण सुधारायला निघालो होतो!

एकोणिसावी बोलून झाल्यावर आमदारांनी चष्मा काढला. "पटलं मला. मी विधेयकाच्या बाजूनं मत देणार. आत्ता लेखी देतो."

त्यांनी खरोखरच लिहून सही केली. व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. इस्त्रीवालीनं कागद दोनदा वाचला, पिशवीत ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"उपकार झाले, साहेब. पण अजून बेचाळीस जणी आहेत."

"अहो, मत दिलं ना!"

"ते मिळालं. आता ऐकून घ्या."

आमदारांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीनं छताकडे. मग त्यांनी चष्मा परत चढवला.

विसावी पाळी मोतीबाईंची होती. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि घडी उलगडली. पत्र एकदाच लिहिलेलं होतं, शाईचे डाग तसेच ठेवलेले.

"मी एकतीस वर्षं शिकवलं," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तेवढ्या काळात मुख्याध्यापकाची जागा तीनदा रिकामी झाली. तिन्ही वेळा ती माझ्यामागून आलेल्या पुरुषाला मिळाली. आणि तिन्ही वेळा त्याच्या नेमणुकीचं पत्र चांगल्या अक्षरात लिहायला मला बोलावलं."